मेलेला चुना

मी सातवीपर्यंत शिकलो. पास झालो असं लिहीत नाही, कारण माझ्या वर्गातले दोघे अजून जिवंत आहेत आणि दोघांनाही वाचता येतं. आमच्या शाळेत विज्ञान म्हणजे एक बंद कपाट होतं. त्यात काचेच्या नळ्या आहेत असं सांगायचे. किल्ली हेडमास्तरांकडं आणि हेडमास्तर कायम बदलीच्या खटपटीत. त्यामुळं आम्ल, आम्लारी आणि क्षार ही मंडळी मला शाळेत भेटली नाहीत. ती भेटली पन्नाशी उलटल्यावर, मोसंबीच्या बागेत, बायकोच्या हाताखाली. ती चौथी शिकलेली. माझ्यापेक्षा तीन इयत्ता कमी. हे मी तिला जन्मभर ऐकवलं आणि तिनं जन्मभर ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आता ती नाही. पौषात गेली. ताप आला, तीन दिवस अंगावर काढला, चौथ्या दिवशी जालन्याला नेली आणि पाचव्या दिवशी परत आणली. त्या पाच दिवसांबद्दल मला एवढंच लिहायचं आहे. बाकीचं सगळं दहाव्याला जमलेल्या पाहुण्यांनी बोलून टाकलं. एक म्हणाला, सोनं झालं तिचं. दुसरा म्हणाला, सुटली. कशातून सुटली ते तो माझ्याकडं बघून म्हणाला.

आमची बाग केदारखेड्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून. बाग म्हणायची लाज वाटते. लावली होती बेचाळीस झाडं. लागोपाठ दोन साल विहीर आटली तेव्हा निम्म्याहून जास्त वाळली आणि उरली एकोणीस. ती आपोआप उरली नाहीत. बायकोनं डोक्यावर हंडे वाहून ती उरवली. मी म्हणत होतो, जाऊ दे, तोडू आणि कपाशी लावू. ती म्हणाली, "तोडायचंच आसंल तं आदी मला तोडा, मंग झाडाकडं जा." मी कपाशीचा विषय सोडला. हंडे वाहायला मात्र उठलो नाही. हेही लिहून ठेवतो, म्हणजे माझ्या माघारी कोणी माझं कौतुक करायला नको.

ती गेल्यावर आमच्या लेकीनं विषय काढला. आम्हाला एकच लेक. बदनापूरला शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या पोटी विज्ञान कसं निपजलं याचं गावाला अजून आश्चर्य आहे. ती म्हणाली, आबा, इथं एकटं राहून काय करता, बदनापूरला चला. तिचं घर स्टेशनाजवळ. रेल्वे गेली की ताटातली वरणाची वाटी सरकते. मी म्हणालो, झाडं कोण बघणार? तिनं जरा विचार केला. मास्तरीण ती, तिला पेपर काढल्याशिवाय चैन नाही. म्हणाली, "ठीक हाये. आईची एकोणीस झाडं हायेत. ती जगली तं तुमी इथं ऱ्हावा. न्हाई जगली तं मुकाट्यानं बदनापूरला यायचं. परत झिकझिक न्हाई."

मी हो म्हणालो. सातवीच्या परीक्षेलाही मी असाच आनंदानं बसलो होतो.

आता झाडांचा रोग सांगतो. मोसंबीच्या बुंध्यातून डिंक गळायला लागतो. त्याला आमच्याकडं डिंक्या म्हणतात. साल कुजते, झाड वरून पिवळं पडत जातं आणि एक दिवस उभ्या उभ्या वाळतं. त्याला औषध एकच. मोरचूद आणि चुना यांचा लेप करायचा आणि खोडाला गुडघ्याच्या वरपर्यंत फासायचा. पावसाच्या तोंडावर एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा. रस्त्यानं जाताना मोसंबीच्या खोडांना निळसर रंग दिसतो ना, तो हाच. शहरातल्या एका पाहुण्यानं मला विचारलं होतं की झाडांना रंग शोभेसाठी देता का. मी म्हणालो, हो, लग्नसराई आहे.

हा लेप करायची विद्या बायको शिकून आली ती पारावर. कृषी खात्यातला एक तरुण साहेब बायकांची शेतीशाळा घ्यायला आला होता. त्यानं प्रत्येकीला निळ्या आणि तांबड्या कागदाच्या पट्ट्या वाटल्या. निळी पट्टी आंबटात बुडवली की तांबडी होते. तांबडी पट्टी चुना, सोडा, राखेचं पाणी असल्या जीभ कापणाऱ्या वस्तूत बुडवली की निळी होते. आंबट ते आम्ल आणि जीभ कापतं ते आम्लारी. दोघं एकमेकांना भिडले की दोघांचाही जोर संपतो आणि उरतो तो क्षार.

पट्ट्या बागेसाठी दिल्या होत्या. हिनं त्या घरात एका दुपारीत संपवल्या. चिंचेला लावली, ताकाला लावली, कपड्याच्या साबणाला लावली, चुलीतल्या राखेला लावली. मिठाच्या पाण्याला लावली तर दोन्ही पट्ट्या ढिम्म. त्याचं तिला फार नवल वाटलं. म्हणाली, एवढ्या घरात एक मीठच शहाणं हाये, कोणाच्या अंगावर जात न्हाई. मग राहिलेली तांबडी पट्टी घेऊन ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, आ करा. मी तंबाखू मळून नुकतीच टाकली होती. तिनं पट्टी जिभेला लावली, ती निळी झाली. तिनं ती उजेडात धरून नीट पाहिली आणि शेजारणीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "तरीच. तीस साल झाले, ह्यांच्या बोलण्यानं लोकांची जीभ काहून भाजते ते आज कळलं."

पट्ट्या संपल्या म्हणून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा साहेबाकडं गेली. साहेबानं डोक्याला हात लावला असणार. पण पोरगा भला होता. त्यानं तिला विनापट्टीची रीत सांगितली. मोरचूद आंबट बाजूचा आणि चुना जीभ कापणारा. दोन्ही बराबर झाले की लेप झाडाला गुण देतो. चुना कमी पडला की तोच लेप झाडाला भाजून काढतो. ओळखायचं कसं? घासून चकचकीत केलेला लोखंडी विळा लेपात बुडवायचा आणि थोडं थांबायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर अजून मोरचूदाचा जोर आहे, चुना वाढवा. विळा जसा घातला तसाच वर आला तर लावा झाडाला.

तेव्हापासून आमच्या घरी वर्षातून दोनदा हा सोहळा व्हायचा. आदल्या दिवशी ती मोरचूदाचे निळे खडे फडक्यात बांधून प्लास्टिकच्या बादलीत लोंबते सोडायची. लोखंडी बादलीला हात लावू द्यायची नाही, मोरचूद बादली खातो म्हणून. सकाळी मातीच्या रांजणात कळीचा चुना विझवायची. कळीचा म्हणजे भट्टीतून आलेला ढेकळाचा चुना. त्यावर पाणी पडलं की तो फुसफुसतो, फुटतो, वाफ सोडतो, रांजण बाहेरून हाताला चटका देतो. थंड झाला की गाळायचा. आणि मग तिसऱ्या टिपात, म्हणजे प्लास्टिकच्या पिंपात, दोन्ही पाणी एकाच वेळी ओतायचं. एकदम. मोरचूदाची बादली माझ्या हातात, चुन्याची तिच्या. एकानं आधी आणि दुसऱ्यानं नंतर ओतलेलं चालत नाही, लेप फाटतो म्हणायची. ती तीन म्हणाली की ओतायचं. मी एकदा दोनलाच ओतलं. ती गोष्ट तिनं आमच्या व्याह्यांना लग्नाच्या बोलणीत सांगितली.

ओतून झालं की माझं काम बांबूनं ढवळायचं. विळा तिचा. चाळीस वर्षांच्या संसारात मला एवढी बढती मिळाली होती.

या वर्षी वैशाखात झाडांना डिंक दिसला. नऊ झाडांना बारीक, चारांना भरपूर. मी हसनाबादला जाऊन ओळखीच्या दुकानातून मोरचूद आणला. दुकानदार म्हणाला, चुना? मी म्हणालो, चुना हाये घरी.

घरी होता. कोठीत एक पोतं पडलं होतं. गेल्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीला बायकोनं भिंतींना लावायला विझलेला, पुडीचा चुना आणला होता, त्यातलं अर्धं राहिलं. पोत्याचं तोंड तिनं जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधलं होतं. गाठ तिचीच, उलटी. तिला सुलटी गाठ कधी आलीच नाही. खाली उंदरानं भोक पाडलं होतं, ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तरी मला वाटलं, ह्या झाडांना तिनं आणलेलाच चुना लावू. तिच्या हातचं शेवटचं सामान तिच्या झाडांना जाईल. असा विचार मी जन्मात कधी केला नव्हता. एकदाच केला आणि त्याचं काय झालं ते बघा.

आदल्या दिवशी मोरचूद भिजत घातला. सकाळी पोतं सोडलं, चुना पाण्यात कालवला. फुसफुस नाही, वाफ नाही. मी म्हणालो, विझलेलाच आहे, कशाला फुसफुसेल. पहिली बादली ओतली. मग दुसरी ओतली. दोन हातांनी दोन बादल्या एकदम कशा ओतायच्या हे साहेबानं शिकवलं नव्हतं. लेप दरवर्षी आभाळासारखा निळा आणि दाट व्हायचा. हा हिरवट आणि पातळ झाला. मी ढवळलं. भरपूर ढवळलं. माझं काम मी चोख केलं. विळा समोर कुडाला अडकवलेला होता. त्याच्याकडं मी बघितलंही नाही.

डिंकाची साल खरवडून उघड्या जागेवर लेप फासला. उरलेल्यात पाणी घालून पंपानं पानांवरही मारला, म्हणजे हात आखडता घेतला असं कोणी म्हणू नये.

आठवड्याभरात पानांच्या कडा करपल्या. दहाव्या दिवशी झाडाखाली पानांचा सडा. खोडावर जिथं लेप लावला तिथली साल काळी पडून चिरलेली. डिंक्यानं जे दोन वर्षांत केलं नसतं ते मी एका सकाळीत करून दाखवलं होतं.

मग मी काय केलं? जे माणूस करतो तेच. हसनाबादला जाऊन चार लोकांत दुकानदाराला बनावट मोरचूद विकतो म्हणून बोललो. तो बिचारा म्हणत होता, काका, त्याच पोत्यातला वीस जणांनी नेला, कोणाची तक्रार न्हाई. मी म्हणालो, ते वीस जण मेले आसतील. घरी येऊन लेकीला फोन लावला आणि तिलाही तेच सांगितलं. ती भडकली. म्हणाली, हात लावू नका कशाला, उरलेला मोरचूद तसाच ठेवा, मी रविवारी येते, तपासू आणि रीतसर तक्रार करू. मी म्हणालो, ये. फोन ठेवल्यावर मला वाटलं की मोरचूद विहिरीत टाकून द्यावा. पण विहिरीचं पाणी आपणच पितो.

रविवारी ती यायच्या आधी माझा मित्र आला. तो रोजच सकाळी तंबाखूला येतो. जन्मभर घरांना चुना मारण्याचं काम केलं त्यानं. जिल्ह्यातल्या अर्ध्या मशिदी आणि पाऊण देवळं त्यानं पांढरी केलीत. आता हात थरथरतो म्हणून बसून असतो आणि दुसऱ्यांच्या भिंतींना नावं ठेवतो. झाडांचा विषय निघाला. त्यानं मोरचूदाबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं, चुना कौनसा? मी पोतं दाखवलं. त्यानं आधी उंदराच्या भोकाकडं पाहिलं. मग चिमूट घेऊन जिभेच्या टोकावर ठेवली आणि थुंकला नाही. तिथंच मला कळायला पाहिजे होतं. ताजा चुना कोणी तोंडात ठेवून उभा राहत नाही.

"बडे भाई," तो म्हणाला, "ये चुना मर गया. इसकू दफनाव."

मी म्हणालो, चुना कसा मरंल, त्याला काय जीव आसतो का? तो म्हणाला, हवा लगी तो मरता. मी म्हणालो, मग तू रोज हवेत बसतोस, तू काहून मरत न्हाईस? तो तंबाखू मळत राहिला. त्याच्यावर माझ्या बोलण्याचा काही परिणाम होत नाही. तो चुन्यातच वाढलेला आहे.

एवढ्यात लेक आली. पिशवीत शाळेतल्या पट्ट्या. आईनं एका दुपारीत पट्ट्या संपवल्या, तशी घाई हिला आवडत नाही. आधी झाडांभोवती फिरली. एकोणीसच्या एकोणीस झाडांपाशी थांबली. खोडावर हात फिरवला. परत आली तेव्हा तिचं तोंड बघवत नव्हतं. मग ओट्यावर बसून तिनं उरलेला मोरचूद पाण्यात विरघळवला, निळी पट्टी बुडवली. तांबडी झाली. म्हणाली, मोरचूद आहे तसाच आहे. तो आम्ल नाही, क्षार आहे, पण पाण्यात पडला की आम्लासारखा वागतो. मी म्हणालो, असे लोक आपल्या नात्यात पण हायेत. ती हसली नाही.

माझा मित्र म्हणाला, बेटी, चुना देख. तिनं पोत्यातला चुना बशीत घेतला आणि त्यावर लिंबू पिळलं. बशीतला चुना फसाफसा बुडबुडे सोडायला लागला. मी म्हणालो, बघ, जिवंत हाये, बोलून राह्यला. ती म्हणाली, "आबा, चांगला चुना लिंबानं असा फसफसत न्हाई. हा हवा खाऊन परत दगड झालाय. खडू आन् हा आता एकच. मोरचूदाचं आम्ल ह्यानं काय मारायचं? तुमच्या टिपात उदासीनीकरण झालंच न्हाई."

उदासीनीकरण म्हणजे काय ते तिनं मित्राला समजावून सांगितलं. मी म्हणालो, मला नको सांगू, पौषापासून मी तेच करून राह्यलो. ती कोटीही वाया गेली. दोघंही बशीकडं बघत होते. मित्राला चुन्याच्या बाबतीत आपण बराबर निघालो याचा आनंद लपवता येत नव्हता.

मग तिनं विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"विळा बुडवला व्हता का?"

"न्हाई."

"विळा समोर हाये कुडाला. मंग काहून न्हाई बुडवला?"

मला दुकानदार आठवला, उंदीर आठवला, ऊन आठवलं. सांगण्यासारखी कारणं पाच तरी होती. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"ते तुझ्या आईचं काम व्हतं."

ती उठून आत गेली. मित्रानं तंबाखूची डबी बंद केली, परत उघडली, मला पुढं केली. आत भांड्यांचा आवाज येत होता. घरात बाई रडताना भांडी का घासते हे मला अजून कळलेलं नाही. चौथी शिकलेलीही तेच करायची.

बाहेर आली तेव्हा तिनं पदर खोचला होता. म्हणाली, झाडांच्या अंगावर ते आंबट पाणी अजून तसंच आहे. आधी ते धुवायचं. चांगल्या चुन्याची निवळी लागेल, म्हणजे रांजणात चुना खाली बसल्यावर वर जे स्वच्छ पाणी राहतं ते. माझा मित्र तोवर उठलाच होता. दुपारी तो कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून कळीच्या चुन्याची गोणी मांडीवर धरून आला, घरातल्या लेकरासारखी. रांजणात चुना पडला, वर पाणी पडलं, आणि तो असा उकळला की मित्र मागं सरला आणि म्हणाला, देखे, इसकू बोलते जिंदा.

आम्ही निवळीनं एकोणीस खोडं धुतली. उरलेला मोरचूद लेकीनं दुपारीच विरघळवून ठेवला होता, त्याची बादली मी घेतली, चुन्याची लेकीनं घेतली. तिनं एक म्हटलं, दोन म्हटलं. मी तीनपर्यंत थांबलो. लेप आभाळासारखा निळा झाला. विळा राखेनं घासून तिनं माझ्या हातात दिला. मी म्हणालो, तू बुडव. ती म्हणाली, मी दर लेपाला येणार न्हाई. मग मीच बुडवला. पहिल्या खेपेला पात्यावर तांबूस चढलं. तिनं चुना वाढवला. दुसऱ्या खेपेला विळा स्वच्छ निघाला. मला कोणी शाबासकी दिली नाही. बरोबरच आहे. हे काम चौथी शिकलेली बाई दहा वर्षं न चुकता करत होती.

बदनापूरचं काय, हे तिनं जाताना काढलं नाही. मीच काढलं. म्हणालो, झाडं जगली न्हाईत तर येतो म्हणालो होतो. ती बसची वाट बघत रस्त्याकडं तोंड करून उभी होती. म्हणाली, अजून मेली न्हाईत. दर रविवारी फोन करा. किती झाडं हायेत तेवढा आकडा सांगायचा. बाकी तुमचं पुराण नको.

दुसऱ्या दिवशी हसनाबादला जाऊन दुकानदाराला सांगितलं की चूक माझी होती, मोरचूद चांगला आहे. चार लोकांत बोललो होतो म्हणून चार लोक जमायची वाट बघत दुकानापुढं उभा राहिलो. तो म्हणाला, जाऊ द्या काका, व्हतं कधी कधी. मला त्यानं शिव्या द्यायला पाहिजे होत्या. माणसाला मोकळं वाटू देत नाहीत हे दुकानदार लोक.

तेव्हापासून दर रविवारी फोन. पहिल्या रविवारी एकोणीस. मग बरेच रविवार एकोणीसच, पण ती एकोणीस कशी होती ते माझं मला माहीत. काडी मोडली तर आत हिरवी असायची म्हणून जिवंत म्हणायची. मग सतरा. मग चौदा. मेलेलं झाड मी स्वतः कुऱ्हाडीनं काढत होतो, गडी लावला नाही. प्रत्येक झाडाला मनात म्हणत होतो की तुला दुष्काळानं सोडलं होतं. श्रावणात अकरावर येऊन आकडा थांबला. अकरा झाडांनी नवी पानं काढली, दोघांनी तर अवेळी फुलं काढली. मित्र रोज येऊन त्यांच्याकडं असं बघतो की जशी त्यानंच चुन्याची पुताई केली आहे. चार रविवार मी अकरा म्हणालो आणि तिकडून ती बरं म्हणाली. त्या बरंमध्ये बदनापूर नव्हतं. मला वाटायला लागलं होतं की परीक्षा संपली.

परवा शुक्रवारी विहिरीकडचं झाड बघितलं. पानं खाली वळलेली. काडी मोडली तर आत तपकिरी. तीन ठिकाणी मोडून बघितली. बुंध्यापाशी साल दाबली तर ती पोकळ लागली. कुऱ्हाड मात्र आणली नाही. म्हटलं, रविवार जाऊ दे.

रविवारी फोन घेऊन ओट्यावर बसलो. फोनमध्ये झाड दिसत नाही. अकरा म्हणायला काय लागतं? दहा आणि अकरात असा काय फरक आहे? सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाची मोजणी चुकू शकते. ती तिकडं पेपर तपासत बसलेली असते, तिला आकडा ऐकून बरं म्हणायचं असतं, आणि मला इथंच राहायचं असतं. घंटी वाजत असताना मी अकरा म्हणायचं ठरवलं होतं.

तिनं फोन उचलला. मी म्हणालो, "दहा."

मागून रेल्वे गेल्याचा आवाज आला, तो पूर्ण संपेपर्यंत ती थांबली.

"विहिरीकडचं का?"

"हां."

"मला वाटलंच व्हतं. ते आदीपासूनच मान टाकून व्हतं." मग म्हणाली, "आन् तुमी?"

मी म्हणालो, मला त्या आकड्यात धरू नको, मला वेगळं मोज. ती म्हणाली, वेगळंच मोजते. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस येते, पाऊस सरल्यावरचा लेप तेव्हा लावू. तवर चुना आणून ठेवू नका. मी आले की ताजा आणू.

मी बरं म्हणालो आणि कुऱ्हाड घेऊन विहिरीकडं गेलो.